शॉकमधील रुग्णाची रात्रभराची शुश्रूषा: बीपी उतरण्याआधी काय पाहावे?

स्टाफ नर्स, राजापूर

नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण टोकाकडील एका ग्रामीण रुग्णालयात काम करते. आमच्याकडे अतिदक्षता कक्ष नाही. सिस्टरांच्या टेबलासमोरच्या दोन खाटा आम्ही गंभीर रुग्णांसाठी राखून ठेवतो. तेथे एक मॉनिटर, ऑक्सिजनची सोय आणि एक सिरिंज पंप आहे. वैद्यकीय अधिकारी आवारातच राहतात आणि बोलावल्यावर लगेच येतात, परंतु मधल्या तासांत रुग्णाजवळ मी आणि एक मावशी, एवढ्याच असतो.

यंदा लावणीच्या ऐन दिवसांत चाळिशीतील एक शेतकरी तीन दिवसांच्या तापाने दाखल झाले. डोळे लाल होते आणि पोटऱ्यांना हात लावू देत नव्हते. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) संशय धरून डॉक्टरांनी रक्ताचे नमुने घेतले आणि सेफ्ट्रायॅक्सोन हे अँटिबायोटिक सुरू केले. रात्री दहा वाजता त्यांचे बीपी 102/78, नाडी 122 आणि श्वास मिनिटाला 26 होता. चार्टवरचे बीपी पाहून कोणी घाबरले नसते, पण त्यांचे पाय घोट्याच्या वरपर्यंत गार होते आणि ते सारखे कूस बदलत "उशी नीट द्या" असे म्हणत होते. मी डॉक्टरांना बोलावले. त्यांनी आरएल (रिंगर लॅक्टेट) सलाईनचा वेग वाढवला, लघवीसाठी कॅथेटर घालायला सांगितले आणि ते रात्रभर येऊन-जाऊन पाहत राहिले. पहाटे बीपी 82/50 झाले, तेव्हा रक्तवाहिन्या आवळून बीपी वाढवणारे नॉरॲड्रेनलिन सुरू करून त्यांना 108 च्या गाडीने पुढे पाठवले. ते बरे होऊन घरी परतले आहेत.

माझा प्रश्न असा आहे की बीपी उतरण्याआधीच्या या सहा-सात तासांत परिचारिकेने नेमके काय पाहावे आणि काय लिहून ठेवावे, म्हणजे डॉक्टरांना बोलावताना "सर, मला बरे वाटत नाही यांचे" यापेक्षा ठोस काही सांगता येईल? दुसरे म्हणजे, सलाईन जोरात सोडण्याबद्दल वेगवेगळे डॉक्टर वेगवेगळे सांगतात, त्यामागचे कारण मला समजून घ्यायचे आहे. आणि तिसरे म्हणजे, हाताच्या साध्या कॅन्युलातून (शिरेत घातलेल्या नळीतून) नॉरॲड्रेनलिन चालू असताना आपण कोणती दक्षता घ्यावी?

इनचार्ज सिस्टर, अतिदक्षता विभाग, चिपळूण

सिस्टर, तुम्ही लिहिलेल्या आकड्यांपासूनच सुरुवात करते. 102/78 या बीपीचा सरासरी धमनीदाब काढला (खालच्या आकड्याची दुप्पट, त्यात वरचा आकडा मिळवून तीनने भाग) तर तो 86 येतो. शॉकच्या (अवयवांना पुरेसे रक्त न पोहोचण्याच्या अवस्थेच्या) उपचारात आपण किमान 65 चे लक्ष्य धरतो, म्हणजे त्या वेळी केवळ दाब पाहणाऱ्याला सारे ठीकच दिसले असते. पण वरच्या आणि खालच्या आकड्यांतील अंतर फक्त 24 उरले होते आणि नाडी वरच्या बीपीपेक्षा मोठी होती. नाडीला वरच्या बीपीने भागले की जो आकडा येतो त्याला शॉक इंडेक्स म्हणतात. निरोगी माणसात तो साधारण 0.5 ते 0.7 असतो, तुमच्या रुग्णात तो 1.2 होता. फोनवर सांगायला याहून ठोस वाक्य कोणते हवे? "बीपी 102/78 आहे, पण नाडी 122 आहे, अंतर 24 आहे, पाय घोट्याच्या वरपर्यंत गार आहेत आणि रुग्ण अस्वस्थ आहे" एवढे ऐकले की डॉक्टर अंथरुणातून उठतातच.

बीपी उशिरा का उतरते, हे लक्षात ठेवले की पाहण्याचा क्रम आपोआप कळतो. रक्त कमी पडू लागले की शरीर आधी त्वचेचा पुरवठा तोडते, मग आतड्यांचा आणि मूत्रपिंडांचा, आणि जे उरते ते हृदय व मेंदूकडे वळवते. रक्तवाहिन्या आवळून धरल्यामुळे दाब टिकून राहतो. तरुण आणि कष्टाची सवय असलेल्या माणसात तो पुष्कळ वेळ टिकतो आणि मग एकाएकी कोसळतो. म्हणून आपण जिथे पुरवठा आधी तुटतो तिथे आधी पाहावे, म्हणजे त्वचेकडे आणि लघवीकडे.

मी माझ्याकडच्या मुलींना शिकवते ती रीत सांगते. हाताच्या मागच्या बाजूने रुग्णाच्या पायाचा पंजा, घोटा, नडगी, गुडघा असे वर वर चाचपत जायचे आणि गारवा जिथे संपतो तिथे बॉलपेनने आडवी रेघ मारून शेजारी वेळ लिहायची. पुढच्या तासाला रेघ वर सरकली तर रुग्ण बिघडतो आहे आणि खाली आली तर उपचार लागू पडत आहे. पुस्तकांत गुडघ्यांवर जांभळी जाळी दिसते असे लिहिलेले असते, पण आपल्याकडील सावळ्या त्वचेवर ती बऱ्याचदा दिसतच नाही. हाताला मात्र गारवा कळतो. एक काळजी तेवढी घ्या. शेतातून भिजून आलेल्या माणसाचे हातपाय तसेही गार असतात, म्हणून आधी ओले कपडे काढून, अंग पुसून, ब्लँकेट घालून मग ही पाहणी करा. ओले कपडे काढणे ही स्वतःच मोठी शुश्रूषा आहे, कारण थंडावलेल्या शरीरात रक्त नीट गोठत नाही.

केशिका (त्वचेतील बारीक रक्तवाहिन्या) भरण्याची वेळ काढताना बोटाच्या टोकावर काचेची स्लाइड किंवा आपले बोट 10 सेकंद दाबून धरावे, त्वचा पांढरी पडली की सोडावे आणि रंग परत येईपर्यंत मोजावे. 3 सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर तो आकडा चार्टवर लिहावा. नुसते "उशिरा" असे लिहू नये. दक्षिण अमेरिकेतील काही देशांत झालेला अँड्रोमेडा-शॉक नावाचा अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. त्यात सेप्टिक शॉकच्या (जंतुसंसर्गामुळे झालेल्या शॉकच्या) रुग्णांपैकी एका गटाचे उपचार रक्तातील लॅक्टेट (रक्तपुरवठा अपुरा पडला की वाढणारे द्रव्य) पाहून आणि दुसऱ्या गटाचे दर अर्ध्या तासाला ही बोटाची परीक्षा करून चालवले होते, आणि बोटावर विसंबलेल्या गटाचे काही नुकसान झालेले दिसले नाही. ज्या रुग्णालयात रात्री लॅक्टेट होत नाही तिथे या गोष्टीचे मोल फार आहे. नखांना पॉलिश किंवा मेंदी असेल तर बोटाच्या मऊ बाजूवर पाहावे.

लघवी तासाला प्रत्येक किलोमागे किमान अर्धा मिलिलिटर हवी, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 30 मिलि. साध्या युरोबॅगवरच्या खुणा एवढ्या बारीक मापासाठी नसतात, आणि बॅग तिरकी लोंबत असली तर मुळीच भरवसा नाही. युरोमीटर नसेल तर दर तासाला बॅग मापाच्या भांड्यात रिकामी करून मोजा आणि भांडे डोळ्यांच्या पातळीला आणून वाचा. श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. गार बोटावर पल्स ऑक्सिमीटर खोटे आकडे देतो किंवा काहीच देत नाही. अशा वेळी तो कानाच्या पाळीवर लावून पाहा आणि पडद्यावरची लाट नीट उमटत नसेल तर त्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. बीपी फार खाली गेल्यावर यंत्रापेक्षा हाताने घेतलेले बरे.

रुग्णाच्या अस्वस्थपणाबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे. कूस बदलणे, मास्क ओढणे, उठून बसणे, नातेवाइकांवर चिडणे, हे मेंदूला रक्त किंवा ऑक्सिजन कमी पडत असल्याचे लक्षण असू शकते. त्याला झोपेचे इंजेक्शन हे उत्तर नव्हे. आधी ऑक्सिजन पाहा, नाडी पाहा, बोटातून साखर तपासा. ताप आल्यापासून धड न जेवलेल्या माणसाची साखर उतरलेली असू शकते आणि हे कारण दोन मिनिटांत सापडते व सुटते. जो रुग्ण मघापर्यंत अस्वस्थ होता आणि आता एकदम शांत झाला, त्याच्याकडे मी सर्वांत आधी जाते.

नॉरॲड्रेनलिनबद्दल: सेप्टिक शॉकमध्ये ते सुरू करण्यासाठी मध्यवर्ती शिरेतील लाइन होईपर्यंत थांबू नये, ते हाताच्या शिरेतून सुरू करावे, असे 2021 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही म्हटले आहे. मात्र कॅन्युला कोपराजवळच्या किंवा त्यावरच्या मोठ्या शिरेत, शक्यतो 18 नंबरचा आणि रक्त सहज मागे येणारा असावा. मनगटावरचा किंवा हाताच्या पाठीवरचा नको. त्या लाइनवर "नॉरॲड" असे ठळक लिहून चिकटवा आणि त्यातून दुसरे काहीही देऊ नका. अँटिबायोटिक ढकलले तरी नळीत उरलेले औषध एकदम आत जाऊन बीपी उसळते. बीपीचा पट्टा दुसऱ्या हातावर बांधा, कारण पट्टा फुगला की औषध थांबते. त्याचा परिणाम काही मिनिटांतच ओसरतो. त्यामुळे सिरिंज संपण्याची घंटा वाजल्यावर नवी भरायला घेणे म्हणजे रुग्णाला तेवढा वेळ औषधाविना ठेवणे होय. पुढची सिरिंज आधीच भरून, नाव आणि मात्रा लिहून शेजारी ठेवावी. कॅन्युलाची जागा दर तासाला उघडून पाहा आणि हात लावून पाहा. त्वचा पांढरी पडली, गार किंवा ताठर लागली किंवा रुग्ण दुखते म्हणाला, तर औषध दुसऱ्या हातावर हलवून डॉक्टरांना लगेच कळवा. पहिला कॅन्युला उपटून टाकू नका, कारण आत गेलेले औषध त्यातूनच मागे ओढायचे असते.

हिशेब आमच्याकडे असा धरतात: 4 मिलिग्रॅम औषध एकूण 50 मिलि द्रवात म्हणजे 1 मिलिमध्ये 80 मायक्रोग्रॅम. 60 किलोच्या रुग्णाला दर किलोला मिनिटाला 0.1 मायक्रोग्रॅम द्यायचे तर ताशी 4.5 मिलि. अँप्यूलवर किती मिलिग्रॅम लिहिले आहे ते दर वेळी वाचा, कारण सगळ्या कंपन्यांची अँप्यूल सारखी नसते, आणि दुसऱ्या कोणाकडून हिशेब पडताळून घ्या. रात्री दुसरी सिस्टर नसेल तर डॉक्टरांसमोर मोठ्याने वाचा.

फिजिशियन, दक्षिण रायगड

सिस्टरांनी वर लिहिलेले सर्व मान्य आहे. लघवीविषयी मात्र एक पुस्ती जोडतो. लेप्टोमध्ये मूत्रपिंड बिघडूनही लघवी बऱ्याचदा चांगली होत राहते आणि त्याच वेळी रक्तातील पोटॅशियम उतरते. म्हणून "लघवी 40 मिलि आहे, म्हणजे रक्ताभिसरण ठीक आहे" हा निष्कर्ष या आजारात धोक्याचा ठरतो. रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंड बिघडले की वाढणारे द्रव्य) आणि पोटॅशियम पाहिल्याशिवाय समाधान मानू नये. दुसरे असे की पोटऱ्यांचे दुखणे असह्य असते आणि नातेवाईक इंजेक्शनचा आग्रह धरतात, पण डायक्लोफेनॅक देऊ नये. मूत्रपिंडावर आधीच ताण असतो, आणि प्लेटलेट कमी असतील तर स्नायूत सुई टोचलेल्या जागी रक्ताची गाठ होते. पॅरासिटामॉलवर भागवावे.

आता तुमच्या सलाईनच्या प्रश्नाकडे येतो, कारण माझ्या मते कोकणात काम करणाऱ्या प्रत्येक परिचारिकेने हा विषय मुळापासून समजून घ्यायला हवा. वेगवेगळे डॉक्टर वेगवेगळे सांगतात याचे मुख्य कारण हे की शॉक हा एक आजार नाही. रक्त वा पाणी कमी झाल्यामुळे, रक्तवाहिन्या सैल पडल्यामुळे, हृदयाचा पंप दुबळा झाल्यामुळे किंवा रक्ताच्या वाटेत अडथळा आल्यामुळे तो होतो. चारही प्रकारांत नाडी वेगवान आणि बीपी कमी असू शकते, पण एकाला जे सलाईन वाचवते तेच दुसऱ्याला फुफ्फुसांत पाणी भरून मारते.

आपल्या लाल मातीतील उदाहरण लाल विंचवाचे आहे. त्याच्या विषामुळे शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. सुरुवातीला घाम, उलट्या, गार हातपाय आणि वाढलेले बीपी दिसते. पुढे हृदय थकते, बीपी उतरते आणि फुफ्फुसांत पाणी होते. वरवर पाहता हा रुग्ण घामेजलेला, गार आणि वेगवान नाडीचा, म्हणजे अगदी पाणी कमी झालेल्या रुग्णासारखा दिसतो आणि कोणीही सलाईनची बाटली सताड उघडेल. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी हे चित्र रुग्णांच्या खाटेशेजारी बसून टिपले. या लक्षणांवरचा त्यांचा लेख 1982 साली 'द लॅन्सेट'मध्ये आला, आणि त्यानंतर त्यांनी प्राझोसिन हे रक्तवाहिन्या सैल करणारे साधे, तोंडाने देण्याचे औषध वापरून विंचूदंशाचे मृत्यू फार मोठ्या प्रमाणात कमी करून दाखवले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. मला या कामाचा अभिमान वाटतो, कारण ते महागड्या यंत्रांवर नव्हे तर तासातासाला हातपाय चाचपण्यावर उभे राहिले.

यात परिचारिकेचा वाटा मोठा आहे. प्राझोसिनची मात्रा दर किलोला 30 मायक्रोग्रॅम, आणि हातपाय उबदार व कोरडे होईपर्यंत दर तीन तासांनी ती पुन्हा द्यायची असते. म्हणजे पुढची मात्रा द्यायची की थांबायचे, हे तुमच्या हाताच्या स्पर्शावर ठरते. गोळी साधी असावी, हळूहळू सुटणारी नको. पहिल्या मात्रेनंतर उठून बसल्यास बीपी एकदम उतरते, म्हणून रुग्ण लहान मूल असेल तर ते कितीही रडले तरी आईने त्याला उभे धरू नये किंवा खांद्यावर घेऊ नये. आईलाच खाटेवर त्याच्या शेजारी आडवे व्हायला सांगावे. खोकला, फेसाळ थुंकी, श्वासाचा वाढता वेग यांकडे लक्ष ठेवावे. प्रतिविषही उपलब्ध आहे, आणि प्राझोसिनच्या जोडीला ते दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, असे बावस्करांच्याच 2011 च्या अभ्यासात दिसले. मात्र त्यामुळे निरीक्षण कमी करून चालत नाही.

उलट तुमच्या लेप्टोच्या रुग्णाला सुरुवातीला द्रवाची गरज होतीच. सेप्टिक शॉकमध्ये पहिल्या तीन तासांत दर किलोला 30 मिलि, म्हणजे 60 किलोच्या माणसाला सुमारे 1800 मिलि, असे साधारण सांगितले जाते. तरीही लेप्टोमध्ये फुफ्फुसांत रक्तस्राव होऊ शकतो, त्यामुळे मी एका दमात सगळे देत नाही. 250 किंवा 500 मिलि द्यायचे आणि थांबून पाहायचे: नाडी उतरली का, केशिका लवकर भरल्या का, पायांवरची रेघ खाली सरकली का, आणि दुसऱ्या बाजूला श्वासाचा वेग वाढला का, ऑक्सिजन उतरला का, छातीच्या तळाशी बारीक आवाज येऊ लागले का. यातील दुसऱ्या बाजूचे एकही लक्षण दिसले तर बाटली मंद करा आणि मला बोलवा. थुंकीत रक्ताचा एक धागा दिसला तरी मी तो क्षुल्लक मानत नाही. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या फीस्ट अभ्यासात आफ्रिकेतील तापाने गंभीर झालेल्या मुलांना भराभर दिलेल्या द्रवाने मृत्यू वाढलेले आढळले. जिथे व्हेंटिलेटर हाताशी नाही अशा आपल्यासारख्या ठिकाणी हे विसरू नये.

अँटिबायोटिकचा पहिला डोस मात्र कधीच थांबवू नका. सेप्टिक शॉकची शंका आल्यावर तो तासाभरात शिरेतून जायला हवा. रक्ताचे नमुने त्याआधी घ्यावेत, पण नमुन्यांसाठी डोस अडवू नये.

प्रसूतिकक्ष सिस्टर, कुडाळ

माझा अनुभव प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाचा आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. बाळंतिणीच्या शरीरात गरोदरपणात रक्त वाढलेले असते, त्यामुळे बीपी आणखीच उशिरा उतरते. शॉक इंडेक्स 0.9 झाला की आम्ही बीपी उतरण्याची वाट पाहत नाही. गर्भाशय पोटावरून चोळत राहणे, गर्भाशय आकुंचित करणारे ऑक्सिटोसिन, दोन जाड कॅन्युला, रक्तगट व क्रॉसमॅच, कॅथेटर आणि प्रसूतीपासून तीन तासांच्या आत रक्तस्राव रोखणारे ट्रानेक्झॅमिक ॲसिड 1 ग्रॅम शिरेतून सावकाश, ही कामे एकाच वेळी वेगवेगळे हात करतात. पॅडवरचे रक्त नजरेने मोजले तर ते नेहमी कमीच धरले जाते. पॅड वजन करून मोजावे, आणि अंगाखालची चादर उचलून पाहावी, कारण रक्त कमरेखाली साचते आणि वरचा पॅड कोरडा दिसतो.

फुरसे किंवा घोणस चावलेल्या रुग्णाला सर्पविषप्रतिबंधक लस सुरू करताना ॲड्रेनलिन आधीच सिरिंजमध्ये भरून ठेवावे, हेही येथे सांगते. खाज, अंगावर गांधी, उलटी, घशात घरघर किंवा बीपी उतरणे यांपैकी काही दिसताच लस थांबवून 0.5 मिलिग्रॅम मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत द्यायचे असते, आणि ते शोधायला कपाटाकडे जाण्याइतका वेळ नसतो. रुग्णाला आडवेच ठेवावे. त्याला धाप लागली असेल तरच पाठीला आधार देऊन बसवावे. उभे मात्र करू नये.

स्टाफ नर्स, राजापूर

सर्वांचे मनापासून आभार. बॉलपेनच्या रेघेची रीत मी उद्याच विभागात सुरू करते, आणि विंचवाबद्दल वाचून एका जुन्या रुग्णाच्या बाबतीत आमच्या डॉक्टरांनी सलाईन मंद का करायला लावले होते याचा उलगडा झाला.

दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. शॉकमधील रुग्णाचे पाय उंच करावेत की खाटेचे डोके खाली करावे, यावर आमच्याकडे दोन मते आहेत. आणि पुढच्या रुग्णालयाकडे पाठवताना काय तयारी असावी? आमच्याकडून काही रुग्ण रत्नागिरीला, काही आंबा घाटातून कोल्हापूरला जातात. पावसात घाटात गाडी अडकली तर आत काय होत असेल, याची काळजी मला रुग्ण गेल्यावरही लागून राहते. नातेवाइकांना काय आणि किती सांगावे, हेही कोणी लिहिले तर बरे होईल. त्या शेतकऱ्यांची पत्नी रात्रभर "पेज तरी देऊ का दोन घोट" असे विचारत होती.

इनचार्ज सिस्टर, अतिदक्षता विभाग, चिपळूण

डोके खाली करण्याची पद्धत सोडून द्या. त्याने पोटातील अवयव छातीखालच्या श्वासपटलावर दाबले जातात, श्वास अवघड होतो आणि उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. सपाट झोपवून पाय उचलल्याने थोडे रक्त हृदयाकडे येते, पण हा फायदा थोडा वेळच टिकतो. त्यामुळे सलाईन जोडेपर्यंतची सोय एवढेच त्याचे महत्त्व. हृदयाचा किंवा विंचवाचा रुग्ण धापा टाकत असेल तर त्याचे डोके उंचच हवे.

त्या बाईंना पेज देऊ नका म्हणून सांगणे भागच आहे, कारण आतड्यांचा रक्तपुरवठा कमी असतो आणि गुंगीत घास श्वासात जाऊ शकतो. पण नुसते "नको" म्हणून तिला बाहेर बसवू नये. ओल्या गॉजने ओठ आणि तोंड पुसायला शिकवा. दर दोन तासांनी आपण कूस बदलतो तेव्हा टाचांखाली घडी सरकवायला तिची मदत घ्या. नॉरॲड्रेनलिन चालू असलेल्या रुग्णाच्या टाचा आणि माकडहाड फार लवकर काळवंडते. सांगताना खरे सांगा: आजार गंभीर आहे, आत्ता अमुक औषध चालू आहे, पुढचे चार-सहा तास महत्त्वाचे आहेत आणि मोठ्या रुग्णालयात न्यावे लागेल, तेव्हा घरून कोणाला बोलवायचे ते आत्ताच बोलवा. हे रात्री दहाला सांगितलेले असले की पहाटे तीनला गाडी दारात उभी असताना घोळ होत नाही.

रुग्णवाहिका डॉक्टर, रत्नागिरी

मी 108 वर काम करतो. तुमची काळजी रास्त आहे, आणि तिच्यावरचा उपाय बराचसा गाडी निघण्याआधीच्या पंधरा मिनिटांत असतो. चालत्या गाडीत, विशेषतः वळणांवर, शीर सापडत नाही आणि बीपीही नीट मिळत नाही. म्हणून दोन चालू कॅन्युला, पट्टीने घट्ट बांधलेले, आणि एक तरी माझ्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे नाही, एवढे करून द्या. कॅथेटरची बॅग रिकामी करून वेळ लिहून द्या. सिरिंज पंप विजेवर चालतो आणि त्याची बॅटरी जुनी असेल तर घाटात संपते, तेव्हा रुग्ण दाखल झाल्यापासून पंप चार्जिंगला लावलेला असू द्या. नॉरॲड्रेनलिनची दुसरी भरलेली सिरिंज सोबत द्या. सपाट रस्त्यावर बीपी स्थिर असलेला रुग्ण घाट चढताना बिघडू शकतो, म्हणून सरासरी दाब 65 च्या खाली असताना आणि औषध नुकतेच वाढवलेले असताना मी गाडी हलवत नाही. आधी वीस मिनिटे थांबून पाहतो. रक्तस्राव आपल्याकडे थांबण्यासारखा नसेल तेव्हा मात्र न थांबता निघावे लागते.

सोबतच्या कागदावर मला लांब इतिहास नको असतो. रुग्ण कोण, केव्हापासून आजारी, दाखल झाल्यावर कसा होता, आत्ता कसा आहे. एकूण किती द्रव गेले आणि किती लघवी झाली. अँटिबायोटिकचा पहिला डोस किती वाजता गेला. नॉरॲड्रेनलिन कोणत्या हातात, किती तीव्रतेचे आणि ताशी किती मिलि. कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे. पुढच्या रुग्णालयात कोणाशी फोनवर बोलणे झाले आणि त्यांनी खाट ठेवली आहे का. तुमच्या तासातासाच्या चार्टचा मोबाइलवर फोटो काढून न देता त्याची प्रतच द्या, कारण घाटात रेंज नसते.

ऑक्सिजनचा हिशेब तुम्हीही करून पाहा. पूर्ण भरलेल्या बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण 1500 लिटर ऑक्सिजन असतो. रिझर्व्हॉयर बॅगच्या मास्कने मिनिटाला 10 लिटर लागला तर तो अडीच तास पुरतो, आणि काटा अर्ध्यावर असेल तर सव्वा तासच. पावसात कोल्हापूर गाठायला याहून पुष्कळ जास्त वेळ लागू शकतो. तेव्हा निघण्यापूर्वी गाडीतल्या प्रत्येक सिलिंडरचा काटा मी आणि पाठवणारी सिस्टर दोघांनी पाहायचा, आणि लागणाऱ्या वेळेच्या दुप्पट साठा नसेल तर रुग्णालयातले एक भरलेले सिलिंडर आणि ते उघडायची चावी गाडीत चढवायची.